तुमचं भाषण टेप झालं नाही, त्याची हकिगत

जामसंडे,
फाल्गुन शुद्ध षष्ठी

सौ. सुशीलावन्सं यांना,

आनंदीचा नमस्कार. मुंबईच्या दमट हवेनं धरलेला तुमचा खोकला एव्हाना सुटला असेल, तुमच्या यजमानांची बोट सुखरूप कुठल्यातरी बंदराला लागली असेल आणि तुम्ही हे पत्र बसून वाचत असाल, असं धरून चालते. उभ्या असाल तर बसा.

इकडची खुशाली अशी. आबांचा गुडघा थंडीत दुखत होता, तो आता उन्हातही दुखतो. तुळसाआत्यांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, आता उजवाही गेला आहे, पण त्या कबूल करत नाहीत. समोरचा माणूसच पुटपुटतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे स्वयंपाकघरात मला दिवसभर जत्रेत हाक मारल्यासारखं बोलावं लागतं. ह्यांची, म्हणजे तुमच्या दादांची, प्रकृती कालपर्यंत उत्तम होती. काल दुपारपासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मीही अजून सावरले नाही. सकाळी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि पेजेत घातलंच नाही. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्लं. आपल्या घरात जेवण मुकाट्यानं होतं तेव्हा काहीतरी फार मोठं घडलेलं असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

वन्सं, तुमचं भाषण टेप झालं नाही. एकदाचं लिहून टाकलं. आता सावकाश सांगते.

टेपचं यंत्र व्यवस्थित पोहोचलं होतं. तळेऱ्याला गाडी बदलताना त्याची पेटी हमालाच्या हातून पडता पडता वाचली म्हणे, पण तुमच्या यजमानांच्या निळ्या डगल्यात गुंडाळलेलं असल्यामुळे ओरखडाही नव्हता. (डगला धुऊन ठेवला आहे. खिशात जपानी नाणं निघालं, तेही ठेवलं आहे.) सोबतची तुमची चिठ्ठी मी दोनदा वाचली. यजमान बोटीवर आणि तुम्ही स्वतः रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात बोलत असणार, मग मुंबईत बटण दाबायला कोण, म्हणून दादांनी जामसंड्याला बसून ते टेप करावं, असं तुम्ही लिहिलं होतं. माणसांनी भरलेल्या अख्ख्या चाळीत एक बटण दाबणारं कोणी नाही, हे वाचून मला नवल वाटलं. पण मी काही विचारलं नाही. महिलांचा कार्यक्रम लागतो त्या वेळी आबा ओटीवर असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

आबांचं मी काय सांगू? त्यांनी लावलेलं कलम आणि त्यांनी दिलेला शब्द, दोन्ही वादळात हलत नाहीत. आंबेवाल्याच्या मुलीनं होडीवाल्याच्या मुलाशी लग्न केलं, त्या दिवशी ते म्हणाले की ह्या घरात हिचं नाव कोणी घ्यायचं नाही. ते त्यांनी स्वतः पाळलं. पण नाव घ्यायचं नाही म्हणजे चौकशी करायची नाही असं थोडंच आहे? तुमच्याविषयी विचारायचं झालं की ते 'मुंबई' म्हणतात. गेल्या पावसाळ्यात तुम्हाला टायफॉइड झाला होता तेव्हा रोज सकाळी, 'मुंबयचो ताप उतारलो?' असं ह्यांना विचारायचे. शेजारचा बाबली ते ऐकून गेला आणि त्यानं मुंबईत साथ आली आहे म्हणून आपल्या मुलाला गिरणीतून परत बोलावलं. तो बिचारा बिनपगारी रजा काढून आला, आणि ताप कोणाला होता हे त्याला कोणी सांगेना.

तर आता यंत्र. माहितीचं पुस्तक जपानीत आहे. हे म्हणाले, भाषा महत्त्वाची नाही, चित्रं महत्त्वाची. (शाळेत भूगोल शिकवतात, त्यामुळे चित्रावर त्यांचा फार विश्वास.) चित्रात एक वायर यंत्रातून निघून रेडिओच्या पाठीत शिरत होती. तशी ती ह्यांनी खोचली. रेडिओच्या पाठीला दोन भोकं आहेत हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी तिथे फक्त झुरळं पाहिली होती. राहिला माईक. रेडिओतला आवाज वायरीतून थेट यंत्रात येणार तर माईक कशाला, असं ह्यांचं म्हणणं. पण तो काढून ठेवावा तर यंत्राचं काही बिघडेल ही भीती. शेवटी लोक आले की हात लावतील म्हणून त्याची लांब वायर मधल्या खिडकीतून आत घेतली आणि माईक माझ्या स्वयंपाकघरातल्या फडताळात, मिठाची बरणी आणि कोकमाच्या आगळाची बाटली ह्यांच्या मधोमध ठेवला. तिथे तो सुरक्षित राहील, म्हणाले. मी त्यावर फडकं टाकणार होते. टाकलं असतं तर बरं झालं असतं. किंवा झालं नसतं. दोन्ही वाटतं.

खरा घात झाला तो एका शब्दानं. रेडिओच्या उजव्या बटणाजवळ बारीक चित्रं आहेत ना, त्यांतलं शेवटचं तबकडीचं, गाण्याच्या रेकॉर्डचं. हे तासभर त्याकडे पाहत बसले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. रेकॉर्ड करायचं, म्हणजे बटण रेकॉर्डच्या चित्रावर न्यायचं. किती सरळ. मलाही ते इतकं सरळ वाटलं की मी त्यांना आणखी एक कप चहा करून दिला. ते चित्र बाहेरची फोनोची पेटी जोडून तबकड्या ऐकण्यासाठी असतं, आणि बटण तिथे नेलं की स्टेशन बंद होऊन मागच्या भोकांतून जे येईल ते वाजतं, हे आम्हाला काल संध्याकाळी समजलं. दुपारी समजलं नव्हतं.

दुपारी ओटी भरली होती. ह्यांनी शाळेत सांगितलं होतं, त्यामुळे सगळे मास्तर आले. बाबली सगळ्यांच्या आधी येऊन यंत्राच्या पुढ्यात बसला. (देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा 'व्हय म्हाराजा' म्हणणारा पहिला आवाज त्याचाच. सवय इतकी की एस.टी.च्या कंडक्टरनं 'पुढे सरका' म्हटलं तरी तो 'व्हय म्हाराजा' म्हणतो.) आबा आपल्या बाकावर, रेडिओकडे पाठ करून. महिलांच्या कार्यक्रमानंतर बाजारभाव सांगतात, त्यासाठी बसलो आहे, हे त्यांनी प्रत्येक येणाऱ्याला वेगळं सांगितलं. बाजारभाव ऐकायला त्यांनी धुतलेला सदरा घातला होता.

मी दारात उभी राहणार होते, पण आत्या एकट्याच चुलीपाशी. त्यांना काय चाललंय ते कोणीतरी सांगायला हवं होतं. म्हणून आत गेले. निवेदिका बाईंनी, आता सुशीला अमुकतमुक आंब्याच्या साठवणीच्या पदार्थांविषयी बोलतील, असं म्हटलं आणि माझ्या हातातली पळी थांबली. आपल्या घरात तुमचं पूर्ण नाव मोठ्यानं उच्चारलं गेलं, तेही ओटीवर, आबांच्या पाठीमागे. मग खट् असा आवाज झाला, एक शीळ आली आणि सगळं शांत. मला वाटलं, तुम्ही घाबरलात. बोला वन्सं, बोला, असं मी मनात म्हणत होते. आत्यांनी विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं, अजून सुरुवात नाही. मग त्यांनी विचारलं, आणि आबा? उठून गेला असेल?

वन्सं, मी वर्षानुवर्षं कोणाला बोलले नव्हते. ह्यांनासुद्धा नाही. पण तुम्ही तिकडे गप्प झाल्या आहात, आबा इकडे पाठ फिरवून बसले आहेत आणि कोणीच कोणाशी काही बोलत नाही, हे त्या क्षणी मला सहन झालं नाही. आत्यांच्या कानाशी तोंड नेऊन, पण आमच्या नेहमीच्या जत्रेच्या आवाजात, मी म्हटलं:

"आबा खंयचे उठतत! दर वरसा मुंबयक पयली पेटी जाता, ती काय ह्ये धाडतत? ह्येंका आंबो पाडाक इलो काय कच्चो आसा, ता कळना नाय. आबा आपल्या हातान निवडतत. आपल्या हातान पेंढो घालतत. आणि बाबलीक सांगतत, नाव मास्तराचा घाल. पण आत्ये, ह्या कोणाक बोला नको."

(होय. दर वर्षी तुम्ही दादांचे आभार मानता ती आंब्यांची पेटी. आत्ता बसूनच आहात ना?)

ओटीवर काय झालं ते मला नंतर कळलं. बटण फिरवताच रेडिओत मुंबई गेली, एक लांब शीळ आली, आणि मग सगळी ओटी कान टवकारून बसलेली असताना, फडताळातला माईक, यंत्र, वायर असं करत रेडिओतून मी बोलले. स्वच्छ. मुंबईच्या बाईंपेक्षा स्वच्छ, असं दुसरीचे मास्तर म्हणाले. 'कोणाक बोला नको' झालं. आणि वाक्य संपलं आहे आणि आपली पाळी आहे एवढंच कळून, बाबली म्हणाला, "व्हय म्हाराजा."

पेटी तळेऱ्याला नेऊन देणारा माणूस तोच. त्याच्या तोंडून हो आल्यावर आणखी पुरावा कोणाला हवा होता?

माझ्याच आवाजापुढे मला आत ह्यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं. आबा स्वयंपाकघराच्या दारात आले. ते चुलीपर्यंत कधी येत नाहीत, म्हणून मला वाटलं पाणी हवं असेल. मी तांब्या पुढे केला. त्यांनी तो पाहिला नाही. त्यांच्या मागे ह्यांचा चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यावरून मला एवढंच कळलं की घरात कोणीतरी गेलं आहे. आबांनी फडताळाकडे पाहिलं, वायरीच्या मागोमाग नजर नेली, मिठाच्या बरणीजवळचा माईक उचलला आणि डागी आंबा फिरवून पाहावा तसा फिरवून पाहिला. आता तो चुलीत जाणार, असं मला वाटलं. तुमच्या यजमानांनी इतक्या लांबून आणलेली वस्तू. मी डोळे मिटले. आबांनी तो तोंडाशी धरला.

"आयकलात मां सगळ्यांनी? बरां झालां. आंबे माझे, पेटी माझी, आणि चेडू पण माझांच. आता उठा, आपापल्या घराकडे जावा."

मुलगीसुद्धा माझीच, हेच ओटीवरचा रेडिओ त्यांच्या दुप्पट आवाजात म्हणाला. लोक उठले. इतक्या घाईनं उठले की तीन मास्तर एकमेकांच्या चपला घालून गेले आणि आज शाळेत त्यांची अदलाबदल झाली. आबांनी माईक होता तिथे ठेवला आणि आत्यांना विचारलं, ऐकू आलं? आत्या म्हणाल्या, "पुटपुटतंस कित्याक?" सगळ्या जामसंड्याला ठाऊक झालेली गोष्ट आता फक्त ज्यांना मी सांगितली त्यांनाच ठाऊक नाही.

ह्यांनी बटण परत फिरवलं तेव्हा बाजारभाव चालू झाले होते. आबा पुन्हा बाकावर बसले, ह्या वेळी रेडिओकडे तोंड करून. भाव संपले, पुढचं सनईवादन संपलं, तरी उठले नाहीत. मग ह्यांना विचारलं, ती काय म्हणाली? 'मुंबई' नव्हे, ती. हे काय सांगणार? तुम्ही काय बोललात ते आपल्या घरात कोणीच ऐकलं नाही. ज्या एका दिवसासाठी तुम्ही एवढं यंत्र एवढ्या लांब पाठवलंत त्या दिवशी आम्ही तुमच्या आवाजावर आपलाच आवाज चढवला, ह्याची मला इतकी लाज वाटते की लिहिताना मान वर होत नाही.

संध्याकाळी टेप लावून पाहिली. शीळ आहे, मी आहे, बाबली लांबून आहे, आबा आहेत. तुम्ही नाही. माझा आवाज ऐकून मला आणखी एक धक्का बसला. मी स्वतःला मृदू बोलणारी बाई समजत होते. पावसाच्या आगोटीआधी वाळवणावरचे कावळे हाकणारी कोणी बाई त्या यंत्रात शिरली आहे, आणि ह्या बाईबरोबर हे इतकी वर्षं संसार करताहेत. त्यांच्याविषयी मला फार माया वाटली. पण ते बोलतच नाहीत, तर सांगू कशी?

रागावू नका. तुमचा खोकला खरंच बरा आहे का ते कळवा. यजमानांना आमचा नमस्कार.

तुमची,
आनंदी

ता. क. टेप पाठवत नाही. आबांनी चकती काढून आपल्या ट्रंकेत ठेवली. मी मागितली तर म्हणाले, माझा आवाज मुंबईत कोणाला समजणार आहे?

ता. क. पुढच्या पत्रात, सहज ओघात आल्यासारखं, दादांना पाडाचा आंबा हातात घेताच ओळखता येतो असं कुठेतरी लिहा. त्यांना ते कळत नाही असं मी बोलले, तेही सगळ्या शाळेसमोर.

ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात आबा येऊन उभे राहिले. कोणाला पत्र, असं विचारलं नाही. म्हणाले, "यंदा पेटी धाडूची नाय म्हणान लिही. खावचे आसतीत तर हंय येवन खावा. त्या दर्यावाल्याक पण घेवन ये. आणि रेडिओर काय सांगलंस ता माका हंय बसान सांग." मी विचारलं, असंच लिहू? तर म्हणाले, नको, मास्तरांना विचारून शुद्ध भाषेत लिही. हे अजून माझ्याशी बोलत नाहीत. म्हणून जसं म्हणाले तसंच लिहिलं आहे.