उंद्रीच्या गायरानातला खुंट

मंगळवार, ११ नोव्हेंबर. बुलढाणा.

काहीच वाटत नाहीये. निदान राग तरी यायला हवा होता.

मारवेल गवत जिल्ह्यात कुठे कुठे आहे, त्याच्या नकाशात माझी तीन वर्षं गेली. प्रबंध परवाच देऊन झाला. त्यात उंद्रीच्या गायरानापुढे मी लिहिलंय, 'आढळत नाही'. आज तिथे नुसते फोटो काढायला गेले होते. शेळ्या चारणाऱ्या सुमनबाईंना सहज म्हटलं, इथे मारवेल नाही ना? त्यांनी वाकून बोटभर खुंट उपटला.

"हे काय मॅडम! पन शेळ्याइले हेच गोड लागते. तुरा येऊ देतीन तवा न."

खुंटाच्या पेऱ्यावर पांढऱ्या केसांचं कडं. मारवेलची ही खूण पहिल्या प्रकरणात मीच लिहिलीय. तरी दर वेळी तुराच शोधत फिरले. एकदाही खाली का वाकले नाही?

घरी येऊन भात केला, खाल्ला. मीठ घालायचं राहिलं होतं, ते आत्ता लिहिताना कळतंय. खुंट समोर टेबलावर आहे. ते पांढरं कडं.

सरांना फोन केला. "एका गावाने काय फरक पडतो?" म्हणाले. मी बरं म्हटलं.

मग नकाशा उघडला. जिथे जिथे 'आढळत नाही' लिहिलंय, ती सगळी गायरानं आहेत.