रजईच्या गोष्टीवर शिजलेला जॅम

तीर्थरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो (लांबूनच, कारण जवळ असतो तर तू टपली मारली असतीस). तुझा गुडघा कसा आहे? डावा की उजवा ते मी विसरलो, म्हणून दोन्हींची चौकशी करतो. तेल लावतेस का, की बाटली अजून फडताळात तशीच सीलबंद आहे? बाबांचा खोकला आणि बाबांचा स्वभाव, दोन्ही जागच्या जागी असतील. मी इकडे मजेत आहे. जेवण वेळेवर, झोप भरपूर. डाव्या हाताला दोन फोड आलेत, पण मी लिहितो उजव्याने, तेव्हा काळजी नको. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन केला की बाबा तो स्पीकरवर टाकतात आणि मधे मधे खोकून आपलं मत देतात. हे पत्र तुझ्या एकटीच्या हातात पडावं म्हणून लिहिलंय. आणि आधीच सांगून ठेवतो, काही मागायला लिहिलेलं नाही. नुसती खुशाली.

तर खुशाली अशी की मी जॅमचा धंदा सुरू केलाय. हसू नकोस. बाबांना कळलं तर ते सगळी यादी काढतील हे मला ठाऊक आहे: सायकल दुरुस्ती तीन आठवडे, कोंबड्या एक आठवडा (त्या मी सोडल्या नाहीत, त्यांनी मला सोडलं), केस कापायचं दुकान एक दिवस आणि एकच गिऱ्हाईक, तेही बाबाच. तेव्हापासून ते मला तीन आठवड्यांचा पाहुणा म्हणतात. पण या वेळी माझा दोष नाही, दोष तुझा आहे. मी नोकरीला निघालो तेव्हा माझ्याच स्वेटरात गुंडाळून संत्र्याच्या जॅमच्या चार बरण्या पिशवीत कुणी घातल्या? त्यातल्या तीन आमच्या खोलीतल्या लोकांनी पहिल्या आठवड्यातच चाटूनपुसून खाल्ल्या. चौथी मी बुटाच्या खोक्यात लपवली. एक दिवस कोपऱ्यावरच्या दुकानात पाव आणायला गेलो, तर दुकानवाल्या बाई कोरडाच पाव चावत उभ्या. मला राहवलं नाही. धावत जाऊन बरणी आणली आणि चमचाभर जॅम त्यांच्या पावावर घातला. आत्या, त्या बाईंनी डोळे मिटले. समोर एक माणूस साबणाची वडी हातात धरून कधीचा ताटकळत होता, तरी उघडले नाहीत. मग म्हणाल्या, "कुणी केला?" आणि माझी जीभ, जी तू लहानपणापासून ओळखतेस, म्हणाली, "मी."

झालं. साबण आणि काडेपेट्या यांच्या मधली फळी रिकामी आहे म्हणाल्या. दीड महिना देते, पुढच्या एक तारखेपर्यंत तीस बरण्या आणून दे, फळी तुझी. नाही आणल्यास तर बिस्किटवाला टपून बसलाच आहे.

दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागलो. आधी लेबलं केली. (पार्सलच्या गोदामात दिवसभर लेबलंच चिकटवतो, त्यामुळे तो भाग अगदी पहिल्या नंबराचा झाला.) 'घरगुती संत्र्याचा जॅम' असं लिहिलेल्या तीस रिकाम्या बरण्या खिडकीत ओळीने मांडल्या. आमच्या खोलीत एक वेल्डर आहे, त्याने त्या नीट निरखल्या आणि म्हणाला, "धंदा झकास आहे रे, फक्त माल आत घालायचा राहिलाय."

आता मला वाटत होतं, त्यात काय आहे! तुझ्या चुलीशेजारी मी बारा वर्षं बसलोय. साल काडीसारखी बारीक चिरायची, बिया फडक्यात बांधून ती पुरचुंडीही भांड्यात सोडायची (मी समजायचो तू त्या हरवू नयेत म्हणून बांधतेस, त्यांच्यामुळेच जॅम धरतो हे आता कळलं), सगळं रात्रभर भिजवायचं, हे मला तोंडपाठ. अडलं ते एकाच ठिकाणी. शिजवायचं किती वेळ? तुझ्या स्वयंपाकघरात घड्याळच नाही. तेवढ्यात डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घड्याळ नाही, पण रजईची गोष्ट आहे ना!

तू जॅम केलास आणि रजईची गोष्ट सांगितली नाहीस, असं कधी झालंय का? गोष्टीत सासरी तुझी थोरली जाऊ दारात येते तेव्हा इकडे तू भांडं चढवतेस. पाहुणा आलाय म्हणून ती तुझी तांबडी रजई एका रात्रीपुरती मागते, आणि रजई उंबरा ओलांडते तेव्हा तू साखर घालतेस. पाहुणा जातो, तीन महिने जातात, रजई येत नाही, तोवर ढवळत राहायचं. मग तू रागाने चपला पायात सरकवतेस, तिथे आच मोठी. तरातरा जावेच्या अंगणात शिरतेस आणि म्हणतेस, "दोरीवर बघते तर..." आणि गप्प होतेस. खाली मान, हात मांडीवर. आम्ही पोरंही गप्प. पाहिलंस, सगळं लक्षात आहे.

म्हणून सुट्टीच्या दिवशी भांडं चढवलं आणि गोष्ट सुरू केली. पहिल्या वेळी एकटाच होतो. माझं बोलणं तुला माहीत आहे, गाडी सुटल्यासारखं. तुझी जाऊ आली काय, रजई गेली काय, मी दोरीपाशी पोचलो तेव्हा भांड्यात गोड पाणी. ते आम्ही आठवडाभर सरबत म्हणून प्यायलो. दुसऱ्या वेळी वेल्डर ऐकायला बसला. हा माणूस लोखंड जोडतो तसा प्रश्नाला प्रश्न जोडतो. आत्याने नवऱ्याला का नाही सांगितलं? पाहुणा जावेच्या माहेरचा का? दुसऱ्यांदा तिने रजई मागितली असती तर? मी त्याचं समाधान करत बसलो, आणि दोरीपर्यंत आलो तेव्हा चमचा भांड्यात खांबासारखा उभा, धरायची गरज नाही. भांडं घासताना वेल्डर म्हणाला, "याने मी गेटची बिजागरी बसवून देतो." तिसऱ्या वेळी मास्तरही येऊन बसले (मास्तर म्हणजे आमच्यातले चष्मेवाले, गोदामात हमाली करतात, पण पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, या पत्राचं शुद्धलेखन त्यांनीच तपासलंय). त्यांचं म्हणणं, जावेचीही बाजू ऐकायला हवी. त्यावरून दोघांची जुंपली, आणि त्यांना सोडवताना मी उकळता जॅम गार बरणीत ओतला. बरणी तडकली. फोड त्या दिवसाचे.

चौथ्या वेळी दोघांनाही दम दिला: तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. गोष्ट तुझ्यासारखी सांगितली, तुझ्याच चालीने, तुझ्याच आवाजात (वेल्डर म्हणाला, आत्याबाई खोलीत आल्यासारखं वाटलं). "दोरीवर बघते तर..." म्हणालो आणि तुझ्यासारखाच गप्प झालो. खाली मान, हात मांडीवर. आणि आत्या, मान खाली घातल्यावर मला दिसलं की माझ्या मांडीवर काहीच नाही. तुझ्या मांडीवर काहीतरी असायचं! स्टीलची ती छोटी ताटली, माठाखालून काढलेली, गारेगार. त्यावर तू थेंब टाकायचीस आणि बोटाने सरकवून बघायचीस. बारा वर्षं मी समजत होतो की रजईच्या आठवणीने तुझा कंठ दाटून येतो. मी तुझ्यासाठी एकदा रडलोही आहे. आणि तू जॅम बघत होतीस!

मी उडी मारून ताटली गार पाण्याखाली धरली, थेंब टाकला, बोटाने ढकलला. थेंबाला सुरकुती पडली. तुझ्या कपाळाला हिशेब करताना पडते तशी. मी ओरडलो, "झाला!" तिघं मिळून सहा बरण्या भरल्या. उन्हात धरल्या तर आतल्या साली लोंबकळत दिसत होत्या, कंदिलातल्या वातीसारख्या. सहाच बरण्या, पण त्या दिवशी मला कळलं की तू काय आहेस. जीभ गोष्टीवर, हात चमच्यावर, डोळा थेंबावर, आणि वर आम्हा पोरांवर वचक. आमच्या गोदामात चार माणसांवर एक मुकादम आहे, तरी पार्सलं चुकतात. तू एकटी होतीस आणि तुझी एक बरणी कधी वाया गेलेली मी पाहिली नाही.

सहाही बरण्या दुकानात नेल्या, बाईंनी चाखल्या, चांगला आहे म्हणाल्या. तेव्हा सगळं ठीक चाललंय. बाबांना यातलं काही सांगू नकोस. तीस बरण्या फळीवर लागल्या की मीच सांगेन. घरच्या सगळ्यांना यथायोग्य, आणि गुडघ्याला तेल.

तुझा भाचा,
तीन आठवडे उलटून गेलेला

ता.क. चांगला आहे म्हणाल्या हे खरं. पुढचं वाक्य वर लिहायचं राहिलं. चमचा चाटून म्हणाल्या, "हा तू केलास. पहिला कुणी केला होता?" मी सांगून टाकलं, आत्याने. म्हणाल्या, "त्यांना घेऊन ये. त्या असतील तर तीस घेईन. नुसता तू असशील तर सहा पुरेत, बाकीच्या फळीवर बिस्किटं." आज दहा तारीख आहे. गुडघा डावा की उजवा ते लगेच कळव, कारण बसमध्ये पाय मोकळा सोडता येईल अशा बाजूची जागा धरायची आहे.

ता.क. दुसरं. हे पत्र लिहायला बसताना पाचवी बॅच गॅसवर ठेवली होती. पत्र रजईच्या गोष्टीपेक्षा मोठं झालंय. वेल्डरच्या बिजागरीची सोय झाली.

ता.क. शेवटचं. वेल्डर आणि मास्तर यांनी तुझ्यासाठी खिडकीजवळची खाट रिकामी केली आहे, आणि दोघं रोज एकच गोष्ट विचारतात. मला सांगता येत नाही, कारण मला माहीतच नाही. तू गप्प व्हायचीस, मग एकदम "आणा रे बरण्या!" म्हणायचीस, आम्ही सगळे पळायचो, आणि गोष्ट तिथेच राहायची. बारा वर्षांत एकदाही जॅमने गोष्ट पुरी होऊ दिली नाही. ये, आणि ताटली बाजूला ठेवून एकदा सांग. दोरीवर काय होतं?