सासरी गेल्याचा शेरा

रत्नागिरी, गुरुवार, ऑक्टोबर १९८७

क्रमाने लिहिते. आज तहसील कचेरीत मतदारांची कच्ची यादी पाहिली. आमच्या घरात आप्पांचे नाव आहे, माझे नाही. जुन्या यादीत माझ्या नावावर तांबड्या शाईची रेघ आणि पुढे शेरा: ‘विवाह होऊन सासरी.’ मी एकेचाळीस वर्षांची, अविवाहित, गणिताची प्राध्यापिका. शिक्षणाची वर्षे सोडता याच घरात राहिले.

कारकुनाला मी निष्काळजी म्हटले. तो शांतपणे म्हणाला, “बाई, यादीसाठी घरोघर फिरलेल्या मास्तरांना तुमच्या वडिलांनीच तसं सांगितलं हो. आता त्यांनीच लिहून द्यायला हवं. शनिवारपर्यंत मुदत आहे.”

त्याची क्षमा मागायची राहिली.

घरी येताच आप्पांना विचारले.

“अंगणात उभा राहून मोठ्यानं विचारीत होता तो मास्तर, मुलगी दिलेली की घरातच? दगडी गडग्यापलीकडे शेजारी ऐकत होते गो. काय सांगणार होतो?”

“मग जावयाचे नावही सांगायचे होते.”

त्यांनी चष्मा काढून मेजावर ठेवला आणि ते आत गेले.

रेघ कारकुनाची नव्हे, आप्पांची. माझ्या एम.एस्सी.चे पेढे याच शेजाऱ्यांना त्यांनी स्वतः वाटले होते. मग लाज नेमकी कशाची? मी घरी असण्याची, की...

तोंडी खुलासा मला नको. त्यांच्या चष्म्याखाली चिठ्ठी ठेवली आहे: ‘आपली अविवाहित मुलगी आपल्याच घरी राहते, हे शनिवारपूर्वी स्वहस्ते लिहून द्यावे. ते लिहिणे शक्य नसेल, तर तसे मला लेखी कळवावे.’