पात पिवळी पडली तेव्हापासून

२२ जानेवारी
येवल्यात, संजूकडे. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज गेला तो गेलाच. नुसती हवा निघते. डॉक्टर म्हणाले, नस दुखावलीय, येईलही, वाट पाहा. कॉलेजला रजा. अकरावीचं प्रकाशसंश्लेषण राहिलं.
संजू स्टँडवर आला. बॅग घेतली. "ताई, तू बोलू नको. मी बोलतो." घरापर्यंत बोलतच होता. भाऊ माझा.

२६ जाने.
सकाळभर बांधावर. कोवळं ऊन, कांद्याची पात ओली. उन्हात धरली की आरपार उजेड. खालच्या पाती पिवळ्या, मधली हिरवी. नत्र कमी पडतंय. झाड जुन्या पातीतलं काढून नव्या पातीला देतं. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, असं बघत कधी बसले नव्हते.
संजू म्हणाला, "थंडीनं आसंन." मी नाही म्हणून मान हलवली. हरितद्रव्याला नत्र लागतं, हवेतून अन्न करणाऱ्या प्रथिनांनाही. तेच नाही तर एवढ्या उन्हाचं झाडानं करायचं काय? "उपाशी," एवढंच कुजबुजले. त्याला कळलं. उद्या युरिया आणतोय.

९ फेब्रु.
शेत गर्द. डोळे मिटले तरी हिरवंच.
दुपारी डुलकी. वर्गात उभी होते. बाकांवर मुलांऐवजी कांद्याची रोपं. मी काहीच बोलत नव्हते आणि सगळी वाढत होती. जागं व्हावंसं वाटेना.

३ मार्च
भांडण. संजू युरियाची आणखी एक गोणी घेऊन आला.
"एकदा टाकला तर एवढा फरक पडला. परत टाकू की!"
आता नको. कांदा पोसतोय, पातीतली साखर खाली उतरायची वेळ. आता नत्र दिलं तर पात माजेल, पातीखालची मान जाड राहील, साठवणीच्या चाळीत कांदा सडेल. सांगता सांगता घसा सोलून निघाला.
"पुस्तकातलं हाय ते. शेजारचे समदे टाकतायत."
त्याची बायको मनीषा चुलीपाशी होती. "त्या एवढा जीव काढून सांगतायत, आन् तुम्ही ऐकत नाय."
नाल्याकडच्या अर्ध्या शेतात टाकलाच. उरलेलं अर्धं ठेवलं. "हे तुझं," म्हणाला. रागानं की मायेनं, ठरवता येईना.

१९ मार्च
कॉलेजचा फोन. संजूनं घेतला. जूनपासून शिकवणार, की ऑफिसात काम देऊ? ऑफिसात बोलावं लागत नाही.
दिवसभर पातींची सळसळ ऐकत पडून.

११ एप्रिल
माझ्या अर्ध्यात माना पडल्या, कांदा तयार झाल्याची खूण. अख्खं शेत एका कुशीवर निजल्यासारखं. नाल्याकडचं अजून उभं, हिरवंगार. कांदाही तिकडे मोठा दिसतो. खरं सांगायचं तर सुंदर दिसतं.
संजू हसत तिकडे गेला. एक मान चिमटीत धरून दाबून पाहिली. "जाड हाय गं."
दोन्हीकडचा कांदा चाळीत वेगळा ठेवायचा ठरलं. कुठला टिकतो ते पावसाळ्यात कळेल.

१५ एप्रिल
माझ्याकडचा कांदा काढायला घेतला. मनीषानं काढता काढता विचारलं, "ताई, कॉलेजात काय कळवायचं?"
"अजून..." म्हणाले. आवाजासकट! घोगरा, जाड, कुणा दुसऱ्या बाईचा वाटावा असा. तिच्या हातातला कांदा खाली पडला.
पुढचा शब्द काढून पाहिला. हवाच.
मी परत प्रयत्न केला नाही, तिनंही आग्रह धरला नाही. काढलेले कांदे ओळीनं मांडले, ऊन लागू नये म्हणून एका ओळीची पात दुसरीवर पांघरत गेलो.