बडग्याच्या अंगावरचा सदरा

॥ श्री जगदंबा प्रसन्न ॥

नागपूर, श्रावणी सोमवार, ४ ऑगस्ट

ति. स्व. प्रेमिलाताईस धाकटी बहीण भागीरथा हिचा शि. सा. नमस्कार वि. वि.

एस.टी.ने पाठवलेलं सारं पोचलं. लाल मिरची दोन किलो, मुगाच्या वड्या आणि फडक्यात बांधलेली ती दारू सुटायची पुडी. मिरचीचे पैसे तू घेणार नाहीस, म्हणून स्टँडवरून आणायचे ऑटोचे साठ रुपये तेवढे वहीत टाकले. पण पुडीचे अकराशे त्या बुवाच्या पायावर ठेवलेस हे कळून जीव चुटपुटला गं.

पुडी रोशनच्या चहात घालायची सोय आता उरली नाही. तुझा लेक रोशन सध्या माझ्या घरी नाही. गेल्या महिन्यात यांनी आणि मी त्याला इथल्या सदर भागातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. फोनवर सांगणार कशी? भाऊजी फोन स्पीकरवर घेतात आणि रोशनचं नाव निघालं की बंदच करतात. म्हणून हे पत्र. भाऊजी दुकानात असताना सूनबाई मयुरीकडून, रोशनच्या वहिनीकडून, वाचून घे.

काल तिथे घरच्या माणसांची सभा होती. मी देवळात जाते तशी पाय धुऊन, नऊवारी नेसून गेले, आणि ताई, खरोखर देवळातच गेल्यासारखं झालं. एका सतरंजीवर बँकेतले साहेब, ऑटो चालवणारा, इंजिनिअरिंगचा नशेच्या गोळ्या खाणारा पोरगा आणि एक चांगल्या घरची बाई, सारे मांडीला मांडी लावून. एकेक जण उठायचा, आपलं नाव सांगायचा आणि आपणच आपली लाज सगळ्यांपुढे उघडून ठेवायचा. बायकोला दोष नाही, नशिबाला नाही. साहेबांनी सांगितलं की आईच्या औषधाच्या पैशाची दारू प्यायलो. कोणी हसलं नाही, कोणी च्च केलं नाही. आजवर कीर्तनं किती ऐकली, पण असा काटा अंगावर कधी उभा राहिला नाही.

तिथली धनश्रीताई म्हणून समुपदेशक मुलगी आहे, माझ्या पोरीच्या वयाची. मी तिला विचारलं की देवाची शपथ घालूनही हा काहून पितो? तिने उलट मलाच विचारलं की काकू, तुम्ही उपास करता का. निर्जळी एकादशीला संध्याकाळी मला माठाशिवाय काही दिसत नाही, हे मी कबूल केलं. ती म्हणाली, याला रोज सकाळी उठल्याबरोबर तसं होतं, आणि याचं पारणं कधी होतच नाही. शपथ मन घेते, माठाकडे शरीर ओढते. एवढी वर्षं उपास करून मला माझी तहान कळली, त्याची नाही कळली. त्या पुडीबद्दलही तिने माझे कान उपटले. चोरून असलं काही पोटात गेलं तर माणूस दगावतो म्हणाली. पुडी मी फेकून दिली, रागावू नकोस.

दुसरं म्हणजे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा तान्हा पोळा जवळ आला. मयुरी आपल्याकडची नाही, तिला समजावून सांग की त्या दिवशी मारबतीसोबत, म्हणजे पीडा नेणाऱ्या बाईच्या पुतळ्यासोबत, बडगे निघतात, त्या सालची जी पीडा असेल तिचा पुतळा गल्लीगल्लीतून मिरवून गावाबाहेर नेऊन जाळतात. आमच्या इतवारीतल्या गल्लीचा बडग्या यंदाही कवडूभाऊच बांधून राहिले. संध्याकाळी कवडूभाऊ कुठे सापडतात ते सगळ्यांना ठाऊक, पण बांबूला अशी माणसाची ढब दुसऱ्या कोणाच्या हातून येत नाही. यंदा बडग्या दारूचा आहे. जुने कपडे मागायला आले, तेव्हा मी रोशनच्या पेटीतला एक सदरा दिला. भांडेवालीने त्यावर एखादी वाटी दिली असती, पण म्हटलं, त्याच्या अंगची पीडा मारबतीबरोबर जाऊ दे. बरं केलं ना?

मिरचीसारखा लोभही वर्षभर पुरू दे.

तुझी,
भागीरथा

---

भिवापूर, १२ ऑगस्ट

चि. सौ. भागीरथास प्रेमिलाताईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मयुरीच्या हातून लिहवते आहे. माझ्या डोळ्यांना आता अक्षर मुंग्यांसारखं दिसते. तुझं पत्र तिने दोनदा वाचलं. पहिल्यांदा मी रडली, दुसऱ्यांदा तीच रडली, आणि भाजी करपली. तेवढी भाजी तुझ्या वहीत माझ्या नावे लिही.

पुडी फेकलीस ते कळलं. बुवा म्हणत होता की गुण येईपर्यंत कोणाले सांगू नका. आता वाटते, न सांगण्यातच त्याचा धंदा असेल.

खरी गोष्ट अशी की तुझे भाऊजी ऐकत नाहीत. परवा जेवताना मीच धीर करून म्हटलं की पोरगा सुधरला तर दसऱ्याला घरी येऊ द्या. ताटावरून उठले. म्हणाले, ज्याने दुकानाच्या गल्ल्यातले पैसे पिऊन टाकले त्याले मी मेलेला समजतो, मेलेल्याचा दसरा नसते. मी म्हटलं, मग रोज निजताना त्याच्या खोलीचा दिवा काहून तपासता? त्यावर हात धुऊन तडक दुकानात निघून गेले.

आणि एक विचारते. कोणता सदरा दिलास? मोरपंखी असेल तर परत माग वं माय. रोशनले पहिली नोकरी लागली तेव्हा उमरेडच्या बाजारातून मी घेतला होता. त्याच दिवशी तो घालून, ऐटीत फोटो काढून आला होता. तेवढी एक चांगली आठवण त्या कपड्यात आहे. जुना झाला तरी तो जाळायचा नाही.

जपून राहा, आमच्या जावईबापूंना, बळीरामभाऊंना नमस्कार सांग. पोराच्या डोक्यावरून माझ्या नावाने हात फिरव.

आशीर्वाद देणारी,
प्रेमिला

---

॥ श्री जगदंबा प्रसन्न ॥

नागपूर, २५ ऑगस्ट

ति. स्व. गुलाबचंदभाऊजींस भागीरथाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र तुमच्या नावाने, दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे. आजवर आम्ही बहिणी तुमच्या पाठीमागे लिहीत होतो. आता नाही. परवा जे पाहिलं ते चोरून सांगण्याजोगं नाही. वाचून झाल्यावर ताईला तुम्हीच वाचून दाखवा, मयुरीला भाजी करू द्या.

ताईचं पत्र मिळालं तेव्हा मी कवडूभाऊंकडे धावले. सदरा मोरपंखीच होता. पण बडग्या बांधून, लेई वाळून तयार, आणि सदरा बडग्याच्या अंगावर शिवलेला. देवाच्या कामाला दिलेलं परत मागू नये म्हणून माझीही जीभ रेटेना. गुपचूप परतले.

रोशन पोळ्याच्या दिवशी केंद्रातून घरी आला. अंगाने वाळला आहे, पण नजर वर करून बोलतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला बजावलं की मिरवणूक पाहायला जायचं नाही, गच्चीवरही नाही. तो हसला. म्हणाला, मावशी, मारबत पाहिल्याशिवाय इतवारीतला माणूस माणूस होतो का? आणि माझ्या मागोमाग गच्चीवर आलाच.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बडग्या आला. एका हातात बाटली, मान लटकलेली, आणि अंगात तो सदरा. बघताबघता पोरांनी ओळखला. आधी नेहमीप्रमाणे ओरडत होते, इडा पीडा रोगराई घेऊन जा गे मारबत. मग कोणीतरी मध्येच ओरडलं की रोशन्याले घेऊन जा गे मारबत. आणि सारी गल्ली तेच ओरडू लागली, हसत, टाळ्या वाजवत. ज्या बायकांना मी हळदीकुंकवाला बोलावते त्यासुद्धा. भाऊजी, मी पदर तोंडात कोंबला. मीच दिलेल्या कपड्यात माझ्या बहिणीचं पोर जाळायला गल्ली निघाली होती.

मागे वळून बघते तर गच्चीवर रोशन नाही. तो खाली उतरला होता.

मला वाटलं, आता हात उचलेल. नाही तर पळेल, आणि पळाला तर कुठे जाईल ते मला ठाऊक होतं. तो सरळ गर्दीत शिरला, बडग्यासमोर उभा राहिला आणि कवडूभाऊंना हात जोडले. ओरडणं आपोआप थांबलं. तो काही मोठ्याने बोलला नाही, पण गल्ली इतकी चूप होती की वरपर्यंत ऐकू आलं. म्हणाला की कवडूकाका, पीडा माझीच आहे, तिला खुशाल जाळा, बाटली बडग्याच्या हातातच राहू द्या. पण सदरा माझ्या मायनं घेतलेला आहे, तो पीडेचा नाही. तेवढा काढून द्या.

कोणीतरी थट्टा केली की बेवड्याले कपड्याची लाज आली गा. कवडूभाऊंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. बडग्या खाली ठेवायला लावला, दाताने दोरा तोडला आणि एकेक बटण सोडलं. त्यांचे हात कसे थरथरतात ते तुम्ही पाहिलंच आहे. त्या थरथरत्या हातांनी, तान्ह्या लेकराचं झबलं काढावं तसा त्यांनी तो सदरा काढला, झटकला, घडी घातली आणि रोशनच्या हातावर ठेवला.

खाली नुसत्या बांबूच्या फासळ्या उरल्या. उघडा बडग्या कसा मिरवायचा? तेव्हा कवडूभाऊंनी आपल्या अंगातला सदरा काढला. ज्या माणसाने आयुष्यात कोणापुढे आपल्या पिण्याचा शब्द काढला नाही, त्याने भर बाजारात स्वतःचा सदरा त्या पुतळ्याला घातला, आणि बनियनवर पुढे चालू लागला. हसायला कोणाचं तोंड उरलं नाही. तुळसाबाई माझ्या शेजारी उभी होती, कवडूभाऊंची बायको. तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मीही लावले. कोणाला लावले ते विचारू नका. मारबतीला म्हणा, कवडूभाऊंना म्हणा, तुमच्या पोराला म्हणा. देव देवळातून उठून गल्लीत आला की असंच होत असेल.

पुन्हा ओरडा उठला तेव्हा नुसतं इडा पीडा रोगराई. कोणाचंच नाव नाही.

काल रविवारी सकाळी कवडूभाऊ दारात आले. चहा नको म्हणाले. उंबऱ्याबाहेरूनच रोशनला विचारलं की ते तुमची सतरंजीवाली सभा कुठं भरते गा. रोशन लगेच चपला घालून त्यांच्यासोबत निघाला. दोघे जाताना मी खिडकीतून पाहत राहिले. म्हातारा पुढे, पोरगा मागे. धनश्रीताईने मला सांगून ठेवलं आहे की हा आजार पुन्हा उलटू शकतो, गाफील राहू नका. राहणार नाही. तुम्हालाही खोटी आशा दाखवत नाही.

गल्ल्यातले पैसे गेले ते खरंच. तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही रोशनला मेलेला समजता असं ताईने लिहिलं. आम्हीसुद्धा परवा त्याला जाळायलाच निघालो होतो, भाऊजी. त्याने येऊन सांगितलं की यातलं किती जाळायचं आणि किती ठेवायचं.

सदरा मी रिठ्याने धुतला. कॉलरजवळ लेईचा एक डाग राहिला, तो निघत नाही. दसऱ्याला तोच घालून तो भिवापूरला येईन म्हणतो, तुमच्या हातावर सोनं ठेवायला. आत नाही घेतलं तर दुकानाच्या पायरीवरून देईन आणि परतीच्या एस.टी.ने जाईन, असंही म्हणाला. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. तो शब्द तुमचा आहे.

ताईला नमस्कार, मयुरीला आशीर्वाद. जो लोभ माझ्यावर आहे त्यातला थोडा त्याच्याकडे वळवा. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, पण तुमच्या स्वतःच्या अक्षरात, उलट टपाली कळवावे. पोस्टमनची वाट रोशनही पाहतो, फक्त दाखवत नाही.

आपली,
भागीरथा