ग्रीस गेलं कुठे

३ मार्च
इंजिन उचललं एकदाचं! चेन पुली कुरकुरत होती आणि बाबा तिच्याहून जास्त. आमच्या बोटीच्या मागच्या बाजूला आवळलेली, पंख्याचा भाग धरून ठेवणारी असेंब्ली इंजिन काढल्याशिवाय सुटत नाही, आणि तिच्यातलंच बेअरिंग जाम झालंय. तेही गेल्या महिन्यात भर पाण्यात, बोटीत उतारू असताना. दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. धक्क्यावर सगळ्यांदेखत बाबा माझ्या धाकट्या भावाला म्हणाले, “ग्रीस मारायचा कंटाळा! चालता हो.” धाकटा खरंच चालता झाला. आता परगावी कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये राबतो. आई बाबांशी कामापुरतंच बोलते.

४ मार्च
बोल्ट गंजलेले. एकही हलेना.

५ मार्च
असेंब्ली सुटली. पाणी अडवणारा रबरी भाता कापला, बेअरिंग ओढून काढलं — आणि बघतच राहिले. कोरडं ठणठणीत! पण ग्रीस आत जायची वाट मात्र गच्च भरलेली. बेअरिंगच्या कड्याला एक भोक असतं, ते बरोबर त्या वाटेसमोर यायला हवं. इथे ग्रीसचा काळा थर कड्याच्या एका बाजूला आणि भोक भलत्याच बाजूला. म्हणजे धाकटा ग्रीस मारत होता. इमानेइतबारे मारत होता. ते बेअरिंगपर्यंत पोचतच नव्हतं.

आणि बेअरिंग बसवलं होतं बाबांनी. “इथे दुसऱ्याचा हात नको,” म्हणून आम्हा दोघांना बाजूला केलं होतं. त्यांना काही बोलले नाही. भित्री कुठली!

६ मार्च
धाकट्याला फोन केला. “ताई, मी सांगितलं होतं गं. ग्रीस-गन दाबली की ग्रीस उलट बाहेर येतं म्हणून. बाबा म्हणाले, कारणं सांगू नकोस.” मग म्हणे, “जाऊ दे. या वयात कशाला त्यांना त्रास.” त्याचाच राग आला. कसलं वय! चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात अजून.

७ मार्च
नवीन बेअरिंग आलं. बाबा म्हणाले, “उद्या बसवतो. जुनं टाक भंगारात.” भंगारवाला दारातच उभा. जुनं गेलं की संपलं — धाकटा जन्मभर कामचुकार, आणि नवीनही तसंच बसलं तर पुन्हा उतारू मधेच अडकणार. म्हटलं, “बाबा, आधी हे बघा.”

त्यांनी हातात घेतलं. काळ्या थरावरून अंगठा फिरवला, तिथून भोकापर्यंत नेला. पुन्हा फिरवला. मग हात पुसले आणि घरी निघून गेले. जेवले नाहीत. आईने विचारलं, काय झालं? म्हटलं, त्यांनाच विचार.

८ मार्च
बाबा माझ्याआधी आमच्या वर्कशॉपमध्ये. नवीन बेअरिंग खोक्यातच होतं. माझ्याकडून धाकट्याला फोन लावून घेतला. घसा खाकरून म्हणाले, “भोक कुठे ठेवायचं, मला दिसत नाही. ये.”