ओला चमचा

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मधाच्या दोन्ही बरण्या धडधाकट पोचल्या. इतक्या कागदांत गुंडाळल्या होत्या की सोडवेपर्यंत ह्यांचा चहा गार झाला. पण बाबा, पंधरवड्यातच मधावर फेस आलाय. झाकण उघडलं की फुस्स होतं आणि वास आंबूस येतो. माझंच काहीतरी चुकलं असणार. काय करू?

दादा वेळेवर जेवतो ना? मायेत अंतर पडू देऊ नये, ही विनंती.

तुमची,
चिमणी

११ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

मध आंबला? माझ्या हाताखाली वाढलेल्या पोरीने हे लिहावं! जावईबापूंनी बरणी फ्रिजमध्ये कोंबली असेल म्हणावं, तर फ्रिजमध्ये मध साखरेसारखा बसतो, आंबत नाही. तेव्हा ते सुटले. मध हवेतलं पाणी ओढून घेतो. त्याला कोरडं, अंधारं कपाट हवं, काचेची बरणी हवी, झाकण घट्ट आणि चमचा खडखडीत कोरडा. एवढं सांभाळलं तर मध आपल्यापेक्षा जास्त जगतो. ओला चमचा घालून तुझा दादा लहानपणी फटके खायचा. तू कधी घातला नाहीस, म्हणून तर नवल वाटतं.

पेट्यांतल्या माश्या मजेत आहेत, मीही. आशीर्वाद आहेतच.

बाबा

१२ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

बाबांनी सांगितलेलं पत्र काल मीच लिहून टपालात टाकलं, त्याच्या मागोमाग हे. कपाट धुंडाळत बसू नकोस, तुझं काही चुकलेलं नाही. शेजारच्या शिंपीणबाईंची बरणी फसफसली, बेकरीवाल्याचीही. दोघांनी गुपचूप माझ्या कारखान्यात आणून दिल्या. बाबांसमोर बोलायची छाती कुणाची?

मध पिकला की माश्या त्यावर मेणाचं झाकण घालतात, आणि ते दिसल्यावरच पेटीतून पोळ्याची चौकट काढायची, हे तुला मी काय सांगू! बाबांना ते झाकण आता दिसत नाही. बोटांनी चाचपून काढतात, मग कच्चा, पाणचट मध बरणीत जातो. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागची नस सुकतेय, गेलेली नजर परत यायची नाही. बाबा म्हणाले, डॉक्टर नवशिका आहे. मी चौकटी बघतो म्हटलं, तर माश्यांना माझ्या अंगचा मशीनच्या तेलाचा वास सोसत नाही म्हणे.

सांगावं तर पेट्या सुटतील, आणि आई गेल्यापासून त्यांच्याशिवाय बाबांना आहे काय? न सांगावं तर नाव जातंय. मी तर हात टेकले. तूच काहीतरी लिही. पत्र मलाच वाचून दाखवावं लागतं, तेव्हा जपून.

तुझा,
दादा

२० फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

चोर सापडला! ओला चमचा, आणि तोही माझाच. घाईत धुतला आणि तसाच बुडवला, दोन्ही बरण्यांत. वर तुमच्या मधाला नावं ठेवली. कान धरते.

यंदाचा मध मात्र अजून थोडे दिवस पोळ्यातच राहू द्या. मला मुळीच घाई नाही. रागावला असाल तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
चिमणी

१ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

आज माझ्याच हाताने, पट्टी धरून लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या तर चालवून घे.

तुझं पत्र दादाने वाचलं. चमच्यापाशी त्याचा आवाज घसरला. आणि चमचा तुझा ओला, तर माझ्या पोळ्यातल्या मधाने का थांबावं गं? तुम्हा दोघांना सगळं शिकवलं, खोटं बोलायला तेवढं शिकवायचं राहून गेलं.

डोळ्यांचं मला केव्हापासून ठाऊक आहे. वाटलं, बोटं निभावून नेतील. नाही नेलं. पेट्या बनवणाऱ्या सुताराला बोलावलंय, उद्या तो त्या घेऊन जाईल. त्याचा हात हलका आहे, माश्या त्याला ओळखतात. मला फार वाईट वाटतंय, चिमणे, आणि कुणावर रागवावं तेही कळत नाही. दादाला मात्र बोल लावू नकोस.

आता बरणीचं. झाकण घट्ट लाव म्हणालो होतो, ते विसर. कच्चा मध आतल्या आत फुगतो आणि काच फोडतो. झाकण सैलच ठेव. आंबट लागला तरी टाकू नकोस. माझ्या हातचा आता तेवढाच आहे.

बाबा